देहाची मालकी आणि प्लेगची लस

स्वातंत्र्य हा शब्द आपल्याकडे दीर्घकाळ राष्ट्राच्या संदर्भातच उच्चारला गेला. परकी सत्ता होती तोवर ते स्वाभाविकही होते. परंतु एकट्या माणसाचे, त्याच्या हातापायांचे, त्याच्या रक्तामांसाचे स्वातंत्र्य म्हणजे काय, हा विचार त्या धामधुमीत मागे पडला. आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यासारख्या निमित्ताने तो निघाला तेव्हा लगेच धर्माच्या वादात बुडून गेला. ‘माझ्या देहाचा मालक मी, तेव्हा त्या देहावर कोणती जोखीम ओढवून घ्यायची हे ठरविणारा मीच, आणि ठरविल्यावर परिणाम भोगणाराही मीच’ हे सूत्र ऐकावयास फार सरळ वाटते. ते खरोखर कितपत सरळ आहे हे पाहावयाचे तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांपेक्षा मुंबई-पुण्याच्या प्लेगची वर्षे अधिक बोलकी आहेत. आज आम्ही श्रोत्यांपुढे तीच मांडणार आहोत.

तत्त्वज्ञानाला मात्र अगदीच फाटा देता येत नाही, कारण त्या काळचे शिकलेले लोक मिलसाहेबांना वाचून बसले होते. जॉन स्टुअर्ट मिल यांचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ साली प्रसिद्ध झाला आणि आगरकरांच्या पिढीच्या मनाची घडण त्याने केली. त्यातले मध्यवर्ती म्हणणे एवढेच की, दुसऱ्याला अपाय होत असेल तरच समाजाने माणसाच्या वागण्यात हात घालावा. केवळ त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी त्याच्यावर सक्ती करू नये. प्लेगने नेमके हेच कुंपण मोडले. माझ्या काखेत आलेली गाठ ही माझी खाजगी बाब की शेजाऱ्याची? आगरकर जून १८९५ मध्ये, म्हणजे प्लेग येण्यापूर्वी वर्षभर आधी वारले. त्यांनी या प्रश्नावर काय लिहिले असते याचा तर्क करण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेग होय असे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. हा कायदा मूळचा अवघ्या चार कलमांचा. पहिले नावापुरते. दुसऱ्याने सरकारला माणसे तपासण्याचे, त्यांना इस्पितळात किंवा इतरत्र वेगळे ठेवण्याचे आणि तात्पुरते नियम करण्याचे अधिकार दिले. तिसऱ्याने हुकूम मोडणारास दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखालील शिक्षा सांगितली. आणि चौथ्याने असे ठरविले की, या कायद्यान्वये सद्भावनेने जो काही करील त्याच्यावर कसलाही दावा किंवा फिर्याद चालणार नाही. आमच्या मते या कायद्याचे खरे मर्म या चौथ्या कलमात आहे. दुसऱ्या कलमाने सरकारने लोकांचा देह ताब्यात घेतला. चौथ्याने त्या देहाचे काय होईल याचा हिशेब देण्यातून आपली माणसे मोकळी केली. ताबा घ्यायचा आणि जबाबदारी घ्यायची नाही, असा हा व्यवहार होता. सावकारसुद्धा गहाण ठेवलेल्या वस्तूची काळजी वाहतो.

पुण्यात पुढे काय घडले ते महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे, म्हणून आम्ही ते लांबवीत नाही. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग कमिटीने मार्च १८९७ पासून गोरे सोजीर घरोघर पाठविले. घरझडत्या झाल्या, सामान जाळले गेले, बायामाणसांच्या जांघा-काखा तपासल्या गेल्या, निरोगी नातेवाइकांनाही छावणीत नेले गेले. २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मेला, रँड ३ जुलैला. या प्रकरणाचा राजकीय अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की, लोकांचा विरोध औषधोपचाराला होता असे सरकारी कागदांतून वारंवार सुचविले जाते ते पूर्ण खरे नाही. त्याच पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढले आणि लोक तेथे गेले. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला तोही अडाणीपणाचाच प्रकार म्हणून सोडून देता येत नाही. माणूस उचलून नेला जातो आणि बहुधा त्याचे प्रेतच परत येते, हे जे डोळ्यांनी पाहतात त्यांनी इस्पितळाला भ्यावे यात बुद्धीचा अभाव कोठे आहे? लोकांनी रोगी माळ्यावर लपविले, मेलेल्याची वर्दी दिली नाही, हेही खरे. त्यातून शेजाऱ्याला धोका होता, हेही खरे मानले पाहिजे. मिलसाहेबांच्या नियमानेच पाहिले तरी सरकारला काहीएक अधिकार पोचत होता.

परंतु येथे इतिहासाने एक विलक्षण थट्टा करून ठेवली आहे. जून १८९८ मध्ये कराचीला पोल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून दाखविले की, गाठीचा प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो. त्याचे म्हणणे मान्य व्हावयास पुढे बरीच वर्षे लागली. फुप्फुसाचा प्लेग श्वासातून पसरतो हे वेगळे. पण पुण्या-मुंबईत मुख्यतः जो होता तो गाठीचा. म्हणजे ज्या अपायाचा हवाला देऊन हजारो निरोगी माणसांना घराबाहेर ओढले, त्या अपायाचे कारण त्यांच्या घराच्या वाशांतून धावत होते. ज्यांनी सक्ती केली त्यांची शास्त्रावर श्रद्धा होती, यात शंका नाही. फक्त ते शास्त्र चुकीचे होते आणि चुकीची किंमत त्यांनी भरावयाची नव्हती.

याच मार्च महिन्यात, याच शहराच्या वेशीवर, जोखमीचा एक अगदी निराळा प्रकार घडला. सावित्रीबाई फुल्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका गायकवाडांचा मुलगा प्लेगने आजारी आहे असे कळताच सावित्रीबाई तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घालून दवाखान्यात घेऊन आल्या. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट. त्या पोराच्या रोगाची बाधा त्यांना झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. देहाची मालकी म्हणतात ती याहून अधिक स्पष्ट कोठे पाहावी? धोका ठाऊक होता, सक्ती कोणाची नव्हती, लाभ दुसऱ्याचा होता आणि परिणाम स्वतः भोगला. सगळ्याच जोखमा जर अशा असत्या तर आज बोलण्याजोगे फारसे उरलेच नसते. अडचण निर्माण होते ती एकाने दुसऱ्याला ‘ही जोखीम घे’ असे सांगितले म्हणजे.

असे सांगणारा माणूस मुंबईत १८९६ च्या ऑक्टोबरातच येऊन बसला होता. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये प्रथम ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागला आणि तेथेच कॉलऱ्याची लस त्याने सिद्ध केली. १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि पुढल्या वर्षी हिंदुस्थानात येऊन ती हजारोंना टोचली. प्लेग आल्यावर सरकारने त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा दिली आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. या सरंजामावर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. मांसाच्या रसात जंतू वाढवावयाचे. रसावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत सोडले म्हणजे जंतू त्या थेंबांना धरून खाली झुंबरासारखे लोंबत वाढतात. मग उष्णतेने त्यांना मारावयाचे. रसासाठी लोकांच्या भावना ध्यानात घेऊन बोकडाचे मांस घेण्यात आले. हा तपशील क्षुल्लक नाही. समोरच्या माणसाच्या देहात काय जाणार याची त्याला लाज वाटू नये, एवढा विचार त्या परक्या शास्त्रज्ञाने केला होता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ही लस स्वतःला टोचून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे इतरांस जी देण्यात आली तिच्या सुमारे तिप्पट. ताप आला, दंड दुखला, तो काम करीत राहिला. या घटनेचे पोवाडे पुष्कळ झाले आहेत. परंतु तिने सिद्ध काय झाले याचा नीट विचार व्हावयास हवा. लस गुणकारी आहे हे एका माणसावरून कळत नाही. कळले ते इतकेच की, जी जोखीम मी दुसऱ्याला घ्यावयास सांगणार ती मी आधी घेतली आहे. रँडसाहेबांच्या कमिटीतील कोणी अधिकारी छावणीतल्या झोपडीत आपण होऊन आठ दिवस राहिला असता तर पुण्याचा इतिहास कदाचित वेगळा लिहावा लागला असता.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिनने कैद्यांना विचारले आणि सुमारे दीडशे कैदी टोचून घेण्यास पुढे आले. जवळपास तितकेच मागे राहिले. टोचलेल्यांत रोग फारच थोड्यांना झाला. पण कैद्याची संमती ही कितपत संमती? ज्याला कोठडीचे दारही स्वतः उघडता येत नाही त्याला आपल्या दंडाचा मालक म्हणावे काय? आम्हांस वाटते, प्लेग शिरलेल्या तुरुंगातून पळण्याची सोय नसलेल्या माणसाला निदान हा एक पर्याय तरी मिळाला, आणि निम्म्यांना ‘नको’ म्हणता आले व ते ऐकले गेले, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हती. तुरुंगाच्या भिंतीआड ‘नको’ चालले आणि पुण्याच्या वाड्यात चालले नाही.

हाफकिनचा आग्रह सदैव स्वेच्छेचा होता. विशीतल्या आगाखानांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, प्रयोगशाळेला आपली प्रशस्त वास्तू दिली आणि त्यांच्या खोजा अनुयायांपैकी हजारो पुढे आले. १८९८ मध्ये हुबळीत, सुमारे ५० हजार वस्तीच्या शहरात, बहुतेक सर्वांनी लस घेतली. मात्र याच सुमारास सरकारनेही एक युक्ती काढली. टोचून घेतल्याचा दाखला ज्याच्याजवळ असेल त्याला छावणीत जाणे, रेल्वेवर अडकून पडणे यातून सूट मिळू लागली. ही सक्ती नव्हे. पण छावणीचा धाक ज्यांनी उत्पन्न केला त्यांनीच त्यातून सुटकेचा दाखला वाटावा, हे कितीसे स्वच्छ? आम्ही त्याला वाईट म्हणण्यास कचरतो, कारण त्या दाखल्याच्या लोभाने ज्यांनी दंड पुढे केला त्यांतले पुष्कळ वाचले. केवळ एवढेच म्हणतो की, त्यांचा निर्णय त्यांच्या एकट्याचा राहिला नाही. आणि ज्या निर्णयात सरकारचा वाटा असतो त्याच्या परिणामातही तो असावयास हवा.

हाफकिनलाही आम्ही निष्कलंक ठरवू इच्छित नाही. बडोद्याजवळ उंढेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये त्याने प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसे टोचली आणि निम्मी तशीच ठेवली. पुढे गावातील २८ घरांत प्लेग झाला. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लसीचा गुण सिद्ध करणारा याहून स्पष्ट पुरावा मागता येणार नाही. पण त्या २६ जणांनी ‘नको’ म्हटले नव्हते. ते वाटणीत पलीकडे गेले होते. एकाच चुलीवर जेवणाऱ्या भावांत एक अलीकडे, एक पलीकडे. संमती घेणाऱ्या माणसाच्या हातूनही हे होते, कारण टोचणीची जोखीम तेवढी विचारली जाते आणि न टोचण्याची विचारायचे कोणाला सुचत नाही.

गंमत अशी की, १८९८ सालीच विलायतेत पार्लमेंटने देवीच्या लसीबाबत नवा कायदा करून, ज्या आईबापांची सदसद्विवेकबुद्धी लसीला मान्यता देत नसेल त्यांना मुले न टोचण्याची मुभा दिली. इंग्रज बापाची सदसद्विवेकबुद्धी ग्राह्य धरली गेली.

आता मुलकोवालकडे वळू. १९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान मांडले होते आणि तेथील सरकारने परळच्या प्रयोगशाळेकडे लसीची प्रचंड मागणी केली. तोवर लसीत थोडे कार्बॉलिक आम्ल घालीत असत. उत्पादन जलद व्हावे म्हणून हाफकिनने कृतीत बदल केला आणि आम्ल वगळले. त्याच्या मते उष्णता पुरेशी होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस देण्यात आली. त्यांपैकी ‘५३ न’ अशी खूण असलेल्या एका बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले ते सगळे धनुर्वाताने मेले. उरलेल्यांना काही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला, दूषित झाली असावी आणि आम्ल वगळल्याने धोका वाढला, असा तिचा कल होता. हाफकिनला काम सोडून परत जावे लागले. प्रयोगशाळेचा संचालक, तोही ज्यू, आणि वर्षानुवर्षे लोंबकळणारा आरोप, यामुळे पुढे लोक त्याला छोटे ड्रायफस प्रकरण म्हणू लागले. मग चौकशीच्या कागदांतून एक गोष्ट बाहेर आली. त्या दिवशी बाटलीचे बूच काढणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता हलवून घेतला आणि तसाच वापरला. गावातल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात हे सर्वज्ञात. शिवाय बाटली परळलाच दूषित झाली असती तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती, आणि उघडताना वास घेतला तेव्हा तसे काही आढळले नव्हते. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र आले आणि हाफकिन दोषमुक्त झाला. त्याला कलकत्त्यास पुन्हा नेमले, परंतु पूर्वीची उमेद परत आली नाही. १९३० साली तो लोझानला वारला. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले होते.

पाच वर्षे वाद झाला तो चिमट्याचा दोष की आम्लाचा, साहाय्यकाचा की संचालकाचा, एवढाच. आम्हांस त्याहून निराळे विचारावयाचे आहे. पंजाबातील मोहीम कागदोपत्री स्वेच्छेची होती. मग ते १९ जण आपल्या निर्णयाचे परिणाम भोगत मेले, असे म्हणावयाचे काय? त्यांना सांगितले गेले असणार की ताप येईल, दंड सुजेल, कदाचित प्लेग टळणारही नाही. त्या जोखमीला त्यांनी होकार दिला. जमिनीवर पडलेल्या चिमट्याला होकार कोणी दिला नव्हता. माणूस घोड्यावर बसतो तेव्हा घोडा उधळण्याची जोखीम पत्करतो. खोगिराचा पट्टा कुजका निघण्याची पत्करीत नाही. तो पट्टा पाहणे खोगीर विकणाऱ्याचे काम. देहाची मालकी जितकी मोठी मानावी तितका हा भेद कडक पाळला पाहिजे; एरवी ‘तूच मालक’ हे शब्द हिशेब चुकविण्याची सबब होऊन बसतात.

हे जुने पुराण आहे असे कोणी समजू नये. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला. त्याच वर्षी त्यात सुधारणा झाली, ती मुख्यतः डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून, आणि ती योग्यच होती. चौथे कलम होते तसे राहिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकल गाडीत लसीचे दोन्ही डोस घेतलेल्यांनाच प्रवेश मिळू लागला, तेव्हा १८९८ च्या दाखल्याची आठवण इतिहासाच्या वाचकांस झाल्यावाचून राहिली नसेल. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात देहाची अभंगताही येते, आणि कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. लसीनंतर होणाऱ्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांपुढे ठेवाव्यात असेही सांगितले. सव्वाशे वर्षांनी ‘नको’ म्हणण्याला न्यायासनासमोर मान मिळाला. आम्ही लसीचे पुरस्कर्ते आहोत. तरीही या निर्णयाचे आम्हांस समाधान वाटते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, लस घेतल्यावर दगावलेल्या दोन तरुण मुलींच्या आईबापांच्या अर्जावर केंद्र सरकारने न्यायालयात प्रतिज्ञापत्र केले. लस घेणे ऐच्छिक होते, तिच्याविषयीची माहिती सर्वांस उपलब्ध होती, तेव्हा अशा मृत्यूंची भरपाई सरकारने द्यावी असे म्हणता येणार नाही, असा त्यातील युक्तिवाद होता. १८९७ साली लोकांना विचारले नव्हते आणि जबाबदारीही घेतली नव्हती. २०२२ साली विचारले होते, म्हणून जबाबदारी घेण्याचे कारण नाही, असे म्हणणे पुढे आले. लोकलच्या फाटकावरचा दाखला मात्र त्या प्रतिज्ञापत्राच्या ‘ऐच्छिक’ या शब्दात कोठे बसवावयाचा, हे अर्जदारांच्या जागी बसून पाहिले पाहिजे.